‘पृथ्वी हलवूया’: एका शाळेच्या जागतिक उडी दिनाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका शाळेतले आहे. शाळा, ठिकाण आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. मी त्या शाळेत शिकवत नाही. मोजमापाच्या कामात मदतीला मला बोलावले होते, त्यामुळे तयारीच्या बैठका आणि प्रत्यक्ष दिवस जवळून पाहता आला.

पार्श्वभूमी

या शाळेत विद्यार्थी मंडळाला दर सत्रात एक दिवस आपल्या मर्जीने साजरा करता येतो. अटी दोनच: वर्गणी काढायची नाही आणि दोनपेक्षा जास्त तास बुडवायचे नाहीत. आधीच्या सत्रांत उलटे कपडे घालण्याचा दिवस होऊन गेला होता, मौनाचा दिवसही झाला होता (शिक्षकांना तो आजही आठवतो, आणि हवाहवासा वाटतो). या वेळी मंडळातल्या एकाला २० जुलैच्या जागतिक उडी दिनाचा शोध लागला. खर्च शून्य, वेशभूषा नाही, पाठांतर नाही. ठरावीक वेळी सगळ्यांनी मिळून उडी मारायची, बस्स. ठराव एकमताने मंजूर झाला.

या दिवसाचा जन्मच मुळी एका थापेतून झालेला आहे. २००६ साली इंटरनेटवर एक आवाहन फिरू लागले. २० जुलैला ग्रीनिच वेळेनुसार ११ वाजून ३९ मिनिटे १३ सेकंदांनी पश्चिम गोलार्धातल्या ६० कोटी लोकांनी एकदम उडी मारायची, म्हणजे त्या धक्क्याने पृथ्वी आपल्या कक्षेतून किंचित सरकेल, दिवस थोडा लांबेल आणि तापमानवाढीला आळा बसेल, असा दावा होता. आवाहनामागे म्युनिकचे प्राध्यापक हान्स पीटर नीसवार्ड यांचे नाव होते. असे कोणी प्राध्यापक नव्हतेच. टॉर्स्टन लाउशमान या ग्लासगोत राहणाऱ्या जर्मन कलावंताने रचलेला तो कलाप्रयोग होता. त्यातली खरी करामत त्या १३ सेकंदांत आहे. ‘बाराच्या सुमारास उड्या मारा’ असे लिहिले असते तर कोणी ढुंकूनही पाहिले नसते. सेकंदापर्यंत नेमकी वेळ दिली की मागे कोणीतरी गणित केले असणार असे वाटू लागते.

पृथ्वी अर्थातच जागची हलली नाही. दिवस मात्र टिकला, कारण कारण नसताना उडी मारायला मिळणे ही गोष्ट लहानथोरांना आवडते.

अडचण

मंडळातल्या मुलांनी फलक रंगवला: ‘२० जुलै, ११:३९:१३. चला, पृथ्वी हलवूया! तापमानवाढ थांबवूया!’ खाली उडी मारणाऱ्या मुलांचे चित्र आणि शाळेचे नाव. फलक चांगला होता, म्हणूनच कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पोचला.

रात्रीपर्यंत तीन वेगवेगळ्या तक्रारी तयार झाल्या. पहिली, शाळा मुलांना खोटे विज्ञान शिकवते आहे. दुसरी, इतकी मुले एकदम उडी मारणार म्हणजे इमारतीला धोका आहे. एका पालकाने तर भूकंपाचा शब्द काढला. तिसरी तक्रार सगळ्यांत शांतपणे आली आणि तीच सगळ्यांत अवघड होती. एका मुलीच्या आईने विचारले, “माझी मुलगी व्हीलचेअरवर असते. सगळी शाळा उडी मारेल तेव्हा ती काय करणार?”

गंमत अशी, की पहिल्या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध होत्या. पहिली म्हणत होती की उडीने काहीच होत नाही, हे मुलांना सांगा. दुसरी म्हणत होती की उडीने फार काही होईल. तरीही दोन्ही बाजूंचे पालक एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात एकमेकांना दुजोरा देत होते.

मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली. विज्ञानाचे शिक्षक, क्रीडाशिक्षक, मंडळाचे दोन प्रतिनिधी आणि पालकांपैकी एक स्थापत्य अभियंता असे लोक होते. हातात आठवडाही नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यक्रम रद्द करणे हा सगळ्यांत सोपा मार्ग होता आणि एका उपस्थिताने तो सुचवलाही. मुख्याध्यापिकांनी तो पाच मिनिटांत बाजूला ठेवला. रद्द केले तर भीती खरी होती असा अर्थ निघेल, असे त्यांचे म्हणणे पडले. मला तो निर्णय योग्य वाटला, पण त्यांची दुसरी अडचणही लक्षात घ्यायला हवी: मंडळाने नियम पाळूनच ठराव केला होता.

दुसरा पर्याय क्रीडाशिक्षकांचा. विज्ञान वगैरे सोडा, नुसता खेळ करा. दोरीवरच्या उड्या, लंगडी, पोत्यातली शर्यत. यात वाद मिटला असता. पण फलकावर लिहिलेला दावा तसाच हवेत राहिला असता आणि मुलांच्या मनात ‘मोठ्यांनी आपल्याला गप्प केले’ एवढेच उरले असते.

तिसरा पर्याय विज्ञानाच्या शिक्षकांचा, आणि खरी चर्चा त्यावरच झाली. सरांना थाप उघड करायची होती, पण उडीनंतर. मुलांनी मनापासून पृथ्वी हलवायचा प्रयत्न करावा, मग वर्गात येऊन हिशेब करावा आणि आपण फसलो हे आपल्याच आकड्यांतून त्यांना कळावे, असा त्यांचा बेत होता. “आधीच सांगितलं तर हिशेब करायची गरजच उरणार नाही,” ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांचा आक्षेप असा होता, की शाळेने जाणूनबुजून मुलांना खोटे सांगायचे नाही, मग ते एका तासापुरते का असेना. त्यावर मंडळाच्या प्रतिनिधीने जे सांगितले त्याने चर्चा वळली: “मॅडम, वरच्या वर्गांतल्या सगळ्यांना माहीत आहे ते खोटं आहे ते. फलक विनोद म्हणूनच लिहिला होता.”

म्हणजे मुले फसलेली नव्हतीच. विनोद मुलांना कळला होता, मोठ्यांना कळला नव्हता. फलकावर तो विनोद आहे असे कुठेच दिसत नव्हते, आणि खाली शाळेचे नाव होते. शाळेच्या नावाने आलेली गोष्ट पालक गंभीरपणेच वाचणार.

ठरले ते असे. थाप आधीच उघडपणे सांगायची, २००६ च्या प्रयोगासकट. सरांचा हिशेबही ठेवायचा, पण प्रश्न बदलून. ‘पृथ्वी हलेल का?’ याऐवजी ‘किती हलेल, आणि आपण नेमके काय मोजू शकतो?’ हा प्रश्न मुलांपुढे ठेवायचा.

हिशेब

हा भाग सरांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत दोन तासिकांत घेतला. आधी तत्त्व. आपण जमीन खाली ढकलतो म्हणून वर जातो. तेवढ्याच संवेगाने पृथ्वी उलट दिशेला जाते. छोट्या नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरते, तसेच हे, फरक एवढाच की इथली नाव सुमारे ६ गुणिले १० चा २४ वा घात इतक्या किलोग्रॅमची आहे. आपण खाली येतो तेव्हा पृथ्वीही परत येते. हिशेब शून्यावर बंद होतो, कक्षा तशीच राहते. उडीची उंची, माणसांची संख्या, वेळेचा नेमकेपणा, कशानेही या शेवटच्या ओळीत फरक पडत नाही.

पण मधल्या अर्ध्या सेकंदापुरती पृथ्वी किती सरकते? ६० कोटी माणसे, सरासरी ६० किलो, उडी ३० सेंटिमीटर, आणि सगळे एकाच जागी उभे आहेत असे धरू (तसे नसतातच, गोलाच्या वेगवेगळ्या बाजूंचे लोक एकमेकांचा परिणाम खोडतात). उत्तर येते साधारण एका प्रोटॉनच्या व्यासाएवढे. ज्या वर्गाने हे आधी काढले त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण शून्य येईल असे त्यांना वाटले होते. मग शाळेपुरता हिशेब केला: चारशे मुले, सरासरी ४० किलो, उडी २५ सेंटिमीटर. प्रोटॉनच्या व्यासाचे २५ लाख भाग केले तर त्यातला एक.

एका मुलाने विचारले, की मग मोठ्या भूकंपाने तरी पृथ्वी सरकते का? प्रश्न उत्तम होता. २०११ च्या जपानमधील महाभूकंपात पृथ्वीच्या आतल्या वस्तुमानाची मांडणी थोडी बदलली, आणि नासाच्या शास्त्रज्ञांच्या गणितानुसार त्याने दिवस सुमारे १.८ मायक्रोसेकंदांनी लहान झाला. फिरण्याचा वेग बदलला, कक्षा नाही. आतल्या आत काहीही ढकलाढकल केली तरी संपूर्ण पृथ्वीचा सूर्याभोवतीचा मार्ग बदलत नाही, त्यासाठी बाहेरून ढकलणारे काहीतरी लागते. एवढे सांगितल्यावर २००६ ची थाप वर्गात कोणाला पुन्हा समजावून द्यावी लागली नाही.

निर्णय पहिला: जागा

मूळ बेत सभागृहाचा होता, कारण पावसाची शक्यता होती. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. अभियंता पालकांनी तिथे ठामपणे नकार दिला, आणि भूकंपाची भीती घालणाऱ्या पालकापेक्षा त्यांचे कारण फार वेगळे होते.

एका उडीने चांगली बांधलेली इमारत पडत नाही, असे ते म्हणाले. भीती तालाची आहे. गर्दी एकाच लयीत उड्या मारू लागली आणि ती लय मजल्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर प्रत्येक उडी मागच्या कंपनात भर घालत जाते. त्यांनी दिलेले उदाहरण खरे आहे: ५ जुलै २०११ रोजी सोलमधील टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत सुमारे दहा मिनिटे हादरत राहिली आणि शेकडो लोकांना बाहेर काढावे लागले. तपासात कारण निघाले बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेतला ताए-बोचा, म्हणजे संगीताच्या तालावर लाथा-बुक्क्या मारत करायच्या व्यायामाचा, वर्ग. साधारण वीसेक माणसे, जोरदार संगीत, एकच ठेका.

वीस माणसे आणि ३९ मजले. हे ऐकल्यावर सभागृहाचा विषय संपला. मैदानच ठरले, पाऊस आला तर दिवस पुढे ढकलायचा.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. पालकांची भीती चुकीच्या कारणासाठी होती, पण ती धुडकावली असती तर कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच झाला असता. अभियंत्यांना बैठकीला बोलावले ते पालकांचे समाधान व्हावे म्हणून. त्यांच्याकडून खरी माहिती मिळेल अशी फारशी अपेक्षा नव्हती.

निर्णय दुसरा: इशारा

सगळ्यांनी एकदम उडी मारायची म्हणजे काय, हा प्रश्न कागदावर क्षुल्लक दिसतो. मैदानावर तो दिवसभर पुरला.

पहिल्या रंगीत तालमीत क्रीडाशिक्षकांनी मैदानाच्या एका टोकाला ध्वनिक्षेपक लावून ‘तीन, दोन, एक, उडी!’ असे म्हटले. गच्चीवरून घेतलेल्या चित्रफितीत उडी दिसलीच नाही, पुढून मागे सरकत जाणारी लाट दिसली. कारण साधे होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदान ८० मीटर लांब. शेवटच्या रांगेला इशारा जवळजवळ पाव सेकंद उशिरा मिळतो. २० सेंटिमीटरची उडी हवेत जेमतेम ०.४ सेकंद टिकते. म्हणजे पहिली रांग सर्वांत उंच असते तेव्हा शेवटची रांग नुकती गुडघे सरळ करत असते.

मग झेंडा आणला. उंच काठीवर लाल कापड, ते खाली पडले की उडी. डोळ्यांना सगळीकडे एकाच वेळी दिसते, त्यामुळे लाट गेली. पण उतरणे तरीही विस्कळीतच राहिले, आणि याचे कारण एका सातवीतल्या मुलीने ओळखले: जो उंच उडतो तो उशिरा उतरतो. १० सेंटिमीटर उडणारा ०.२९ सेकंदात खाली, ३० सेंटिमीटर उडणारा अर्ध्या सेकंदात. एकत्र उडाले तरी एकत्र उतरणार नाहीत. ६० कोटी माणसांचा एकच धक्का ही कल्पना इथेच निकालात निघते, पृथ्वीचे वस्तुमान काढायचीही गरज पडत नाही. मला विचाराल तर संपूर्ण उपक्रमातला हा सर्वांत मोलाचा क्षण होता, आणि तो कोणाच्याही नियोजनात नव्हता.

११:३९:१३ ग्रीनिच वेळेनुसार की शाळेच्या घड्याळानुसार, यावरही मंडळात बराच खल झाला. शाळेचे घड्याळ जिंकले, कारण ग्रीनिच वेळ पाळायची तर शाळेची वेळ जुळेना.

निर्णय तिसरा: उडी कोणाची?

व्हीलचेअरवरच्या मुलीसाठी बैठकीत लगेच उत्तर तयार झाले: तिला वेळ नोंदवायचे काम देऊ. पायाला प्लास्टर असलेला एक मुलगा आणि दम्याचा त्रास असलेली एक मुलगी, यांनाही तेच. सोय झाली असे सगळ्यांना वाटले.

वर्गशिक्षिकांनी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मी नोंद करीन. पण मला उडीपण मारायची आहे.”

यावर सरांनी जे केले ते मोजमापाच्या खऱ्या समजुतीतून आलेले होते. उडी म्हणजे पाय जमिनीपासून सुटणे ही क्रीडांगणाची व्याख्या. भौतिकशास्त्राला फक्त एवढेच हवे की शरीराचे वस्तुमान वर ढकलले जावे आणि त्यासाठी जमीन खाली ढकलली जावी. प्रयोगशाळेतला सपाट वजनकाटा आणला, त्यावर खुर्ची ठेवली. तिने दोन्ही हात हातांच्या टेकूंवर रोवून अंग झटक्यात वर उचलले. काटा आधी वर गेला, मग झपकन खाली आला, मग स्थिर झाला. पायांनी उडी मारणाऱ्याच्या काट्यावरही हाच क्रम दिसतो, फक्त तिथे मध्ये तो शून्यावर टेकतो. पृथ्वीला ढकलण्याच्या हिशेबात तिचा वाटा इतरांइतकाच खरा होता.

प्लास्टरवाल्या मुलाने मात्र नोंदीचेच काम आनंदाने घेतले. दम्याच्या मुलीने सांगितले की एका उडीने तिला काही होत नाही, आणि तिच्या घरच्यांनी त्याला दुजोरा दिला. तिघांसाठी एकच तोडगा काढला होता. तिघांना वेगवेगळे हवे होते. विचारायला प्रत्येकी दोन मिनिटे लागली.

सुरक्षेचे बाकी नियम क्रीडाशिक्षकांनी भराभर लावले: प्रत्येकात हातभर अंतर, पायात बूट, मैदान ओले असेल तर नाही, उतरताना गुडघे वाकवायचे. ताठ पायांनी उतरले की शरीर फार कमी वेळात थांबते आणि सांध्यांवर कितीतरी जास्त बल येते, हे त्यांनी प्रत्येक वर्गाला करून दाखवले.

पालकांना काय कळवले

मुख्याध्यापिकांनी एक पानी पत्र पाठवले. त्यात थापेचा इतिहास होता, जागा मैदान आहे हे होते, आणि एक वाक्य होते ज्यावर बरीच घासाघीस झाली होती: ‘या उडीने पृथ्वी हलणार नाही, इमारतही हलणार नाही, किती हलणार नाही हे मुले मोजणार आहेत.’ जोडीला एक जुने उदाहरण दिले. ७ सप्टेंबर २००१ रोजी ब्रिटनमध्ये विज्ञान वर्षाच्या प्रारंभी सुमारे दहा लाख शाळकरी मुलांनी एकाच वेळी उड्या मारल्या होत्या, आणि देशात कुठे भूकंप झाला नाही.

पत्रानंतर भूकंपाची चर्चा थांबली. खोट्या विज्ञानाचा आक्षेप घेणारे पालक मात्र लगेच मवाळ झाले नाहीत. थापेवर आधारलेला दिवस शाळेने पाळावाच का, हा त्यांचा प्रश्न कायम राहिला. तो प्रश्न गैर नाही.

प्रत्यक्ष दिवस

पाऊस आला नाही. चारशेच्या आसपास मुले आणि बरेचसे शिक्षक मैदानावर आले. ११:३९:१३ ला लाल कापड पडले. कोणी लवकर उडाले, कोणी हसण्यात राहून गेले, बहुतेकांनी वेळ साधली.

जमिनीवर तीन ठिकाणी फोन ठेवून त्यांतल्या त्वरणमापकाने (फोनची हालचाल टिपणाऱ्या भागाने) कंपन नोंदवले होते. रांगांच्या अगदी जवळच्या फोनवर एक रुंद, बसका उंचवटा दिसला. टोकदार शिखर कुठेच नव्हते. उतरणे विस्कळीत असते हे त्या रेषेने पुन्हा सांगितले. मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यातल्या फोनवर ओळखता येईल असे काही आले नाही. नंतर एका मुलाने लाकडी व्यासपीठावर फोन ठेवून शेजारी एकट्याने उडी मारली, तर मैदानावरच्या सगळ्या शाळेपेक्षा उंच शिखर आले. फळ्या वाकतात, माती वाकत नाही. अभियंता पालकांचे म्हणणे एका मिनिटात सिद्ध झाले.

दुसरा खेळ उडीची उंची काढण्याचा. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या चित्रफितीत पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतच्या चौकटी मोजायच्या, त्याचे सेकंद करायचे, त्यांचा वर्ग करून ९.८ ने गुणायचे आणि ८ ने भागायचे. पंधरा चौकटी म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर. थोड्याच वेळात काही जणांची उंची संशयास्पद वाढली. ते उतरताना गुडघे पोटाशी घेत होते. पाय उशिरा टेकतात, हवेतला वेळ वाढतो, आणि सूत्र बिचारे त्याला उंची समजते. १८ चौकटींत ४४ सेंटिमीटरचा ‘विक्रम’ करणाऱ्या मुलाने स्वतःच ही युक्ती सांगून टाकली, जरा अभिमानानेच.

२० जुलै हा १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरल्याचाही दिवस. सरांनी त्याचा उपयोग करून अपोलो १६ मधली, एप्रिल १९७२ ची चित्रफीत दाखवली. जॉन यंग चंद्रावर ध्वजाला सलामी देताना उडी मारतात आणि सुमारे १.४५ सेकंद हवेत राहतात. (हवेत म्हणायची पंचाईत, तिथे हवा कुठली.) ९.८ च्या जागी चंद्राचे १.६२ घातले की उंची येते साधारण ४२ सेंटिमीटर. एवढा जड पोशाख आणि पाठीवर तेवढेच जड सामान घेऊन! ‘विक्रमवीर’ मुलाने हे ऐकल्यावर आपली उडी गुडघे न मुडपता पुन्हा मोजून घेतली.

एक गडबड झाली. मुख्य उडीनंतर क्रीडाशिक्षकांनी गाणे लावले आणि वीस-पंचवीस मुले व्यासपीठावर चढून तालात उड्या मारू लागली. फळ्या स्पष्टपणे वरखाली होऊ लागल्या. ज्या गोष्टीसाठी दुसरा मजला नाकारला तीच गोष्ट लाकडी व्यासपीठावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली होती. आधी लक्ष गेले ते नववीतल्या एका मुलीचे. तिने जाऊन गाणे बंद केले. कोणाला काही झाले नाही.

परिणाम

कार्यक्रम दीड तासात आटोपला. त्यानंतरच्या आठवड्यात विज्ञानाच्या वर्गात मुलांनी आपणहून दोन प्रश्न पुढे नेले: मातीऐवजी काँक्रीटवर काय दिसेल, आणि फोनऐवजी चांगले साधन असते तर दूरचे कंपन पकडता आले असते का. शाळेने नंतर व्यासपीठाची तपासणी करून घेतली आणि दोन फळ्या बदलल्या. पालकांपैकी एका कुटुंबाची नाराजी राहिली. त्यांच्याशी मुख्याध्यापिका स्वतंत्रपणे बोलल्या, पण मत बदलले नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत आधी फलक. विद्यार्थी मंडळाचे फलक शिक्षकांनी तपासून द्यावेत असा नियम आता आला आहे. मला तो थोडा मागे नेणारा वाटतो. फलकावर ‘२००६ सालची जगप्रसिद्ध थाप पुन्हा एकदा!’ एवढी ओळ मुलांनीच घातली असती तर विनोदही राहिला असता आणि गैरसमजही झाला नसता. तपासणी लावण्यापेक्षा, विनोद घराबाहेर कोण वाचणार आहे याचा विचार करायला मुलांना शिकवणे जास्त कामाचे.

थाप आधी सांगायची की नंतर, यावर सर अजूनही आपल्या मतावर आहेत. त्यांच्या मताला आधार आहे: ज्या वर्गांत आधी सांगितले तिथे हिशेब थंडपणे झाला, ज्या एका वर्गाला सूचना पोचायची राहून गेली तिथे हिशेबाच्या शेवटी अक्षरशः गोंधळ उडाला, आणि तो वर्ग सगळ्यांत जास्त प्रश्न घेऊन आला. पण ती मुले वरच्या वर्गातली होती. पाचवीतल्या मुलाला तापमानवाढ थांबेल असे सांगून मग ते खरे नव्हते म्हणणे वेगळे. वयाप्रमाणे दोन वाटा ठेवता आल्या असत्या. घाईत कोणाला सुचले नाही.

व्यासपीठावर आधीपासून कोणीतरी उभे राहायला हवे होते. जागेचा निर्णय मुख्य उडीपुरताच घेतला गेला, तिच्यानंतरच्या मोकळ्या वेळाचा कोणी विचार केला नाही. उत्साह सर्वांत जास्त असतो तो नेमका त्याच वेळी.

आणि तिघा मुलांना आधी विचारायला हवे होते, तोडगा काढण्यापूर्वी. व्हीलचेअरवरच्या मुलीने स्वतःहून सांगितले म्हणून वजनकाट्याचा प्रयोग झाला. ती गप्प राहणारी असती तर हातात घड्याळ घेऊन बाजूला बसली असती आणि अहवालात ‘सर्वांचा सहभाग’ असे लिहिले गेले असते.

पुढच्या वर्षासाठी मंडळाने आताच प्रस्ताव दिला आहे: चारशे जणांनी चार गटांत, ठरवून मागेपुढे उडी मारायची आणि कंपनाच्या रेषेत चार वेगळे उंचवटे दिसतात का ते पाहायचे. मुख्याध्यापिकांनी तो दोन शेरे मारून परत पाठवला आहे. फलकाचा मसुदा सोबत जोडा, आणि गाणे कोण बंद करणार ते लिहा.